कुणाला तरी पाठव

बसा, त्या वेताच्या खुर्चीत बसा. जरा हललं की कुरकुरते मेली, पण आजवर कुणाला पाडलेलं नाही. नोट्स काढून ठेवल्यात तुमच्यासाठी. दहावीच्या कवितांचा अख्खा गठ्ठा आहे, ‘युद्ध आणि सत्ता’ या विभागासकट. नव्या बाई आल्या की त्यांना निवृत्त बाईंच्या घरी पिटाळायचं, ही आपल्या शाळेची जुनीच खोड. मीही अशीच आले होते एका बाईंकडे. त्यांनी तर चहासुद्धा विचारला नव्हता.

उजेड असताना आलात ते फार बरं केलंत. आता मात्र मला या दारात उभं राहावं लागेल, जिन्याकडे तोंड करून. तुमच्याकडे पाठ होईल, राग मानू नका. उभा जन्म फळ्याकडे तोंड करून बोलण्यात गेला माझा. मागच्या बाकावर कोण कुणाला चिमटा काढतंय ते मला पाठीनं कळायचं. तो टेबलावरचा दिवा जवळ ओढून घ्या आणि निवांत ऐका. आता वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका घरी येऊन त्यांचं दार लागेपर्यंत तुम्हाला जिना उतरता यायचा नाही. का, तेच सांगते.

त्या गठ्ठ्यात एक कविता नाही. मी काढून टाकलीये. मधली बरीच वर्षं ती पुस्तकात नव्हती, यंदा पुन्हा घेतलीये म्हणे. घेणाऱ्यांचं काय जातंय! कवी म्हणून नुसतं ‘अज्ञात सैनिक’ छापलेलं असतं. पाठ आहे मला, म्हणून दाखवते.

‘शेवटचं दार लागेपर्यंत माझी पाळी.
समोर काळोख उभा आहे,
माझ्यासारखाच, डोळे न मिटता.
मी पाहतो आहे, तोवर तो तिथेच आहे.
गावा, तू नीज.
आणि जाग आलीच तर
माझ्या जागी कुणाला तरी पाठव.’

संपली. एवढीशीच. परीक्षेला सोन्यासारखी. पहारेकरी म्हणजे सत्तेच्या खेळात भरडला जाणारा साधा माणूस. काळोख म्हणजे युद्धाचं प्रतीक. काळोख उभा आहे, म्हणजे चेतनगुणोक्ती अलंकार, एक गुण. शेवटच्या ओळीतली आर्त हाक, दोन गुण. मी हे इतकी वर्षं असं घोटवून घेतलंय की माझी मुलं झोपेतसुद्धा ‘प्रतीक’ म्हणून कुशीवर वळायची.

पण नुसत्या घोकंपट्टीवर माझा कधीच विश्वास नव्हता. कविता अंगात आली पाहिजे, असं मी म्हणायची. हसू नका, म्हणायची खरंच. म्हणून शिकवणीला आलेल्या मुलांकडून मी प्रत्येक कविता करून घ्यायची. एकानं राजा व्हायचं, एकानं सैनिक व्हायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मुलं खूश, निकाल चांगला. दुसऱ्या शिकवणीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

माझी भाची होती त्या वर्षी दहावीला. आमच्या ताईची मुलगी. ताई दवाखान्यात नर्स, तिच्या पाळ्या सारख्या बदलत्या, त्यामुळे पोरगी लहानपणापासून माझ्याकडेच. आम्ही तिला खारू म्हणायचो, कारण पायाला भिंगरी. खारीसारखी सुर्रकन इथून तिथं. जेवताना उठेल, अभ्यास करताना नाचेल, एका जागी बसली तर शप्पथ! मला मूलबाळ नाही. तिचं ते घरभर धावणं म्हणजेच माझं घर होतं, काय सांगू तुम्हाला.

ही कविता करून घेतली तेव्हा अशीच तिन्हीसांज होती. मी म्हटलं, या कवितेला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. तो बिचारा कधीपासून माणूस मागतोय. चला, आज आपण पहारा बदलू. याच दारात, या उंबऱ्यावर पहारेकरी उभा आहे असं समजायचं. त्याची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली. कोण जातं त्याला सोडवायला? तर खारू उठली, दुसरं कोण! तिनं रिकाम्या हवेत खांद्याच्या उंचीवर हात ठेवला आणि म्हणाली, “तू जा. मी आहे.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र ओल्या लोकरीचा वास आला. पावसात भिजून अंगावरच वाळलेल्या जाड कोटाला येतो तसला वास. तो उंबऱ्यापासून निघाला, मुलांच्या मधून गेला आणि त्या पलीकडच्या खिडकीतून बाहेर पडला. दमलेला माणूस घराकडे जातो ना, तसा, सावकाश. एका मुलीनं नाकाला रुमाल लावला. मी म्हटलं, कुणाचे मोजे ते, उद्यापासून धुऊन यायचं. वर्ग हसला, शिकवणी सुटली.

खारू दारातून हलली नाही.

मला वाटलं, नाटक करतेय. तिचं नेहमीचंच. पण खारू आणि स्तब्ध? तिची पापणीसुद्धा लवत नव्हती. उंबऱ्यावरूनच ती कठड्यापलीकडे खाली, जिन्याच्या तळाशी बघत होती. मी विचारलं, काय बघतेस गं? तर म्हणाली,

“तो हलू नये म्हणून बघतेय.”

“कोण?”

“काळोख.”

मी हसले. आपलं मास्तरकीचं डोकं! म्हटलं, वा, प्रतीक अगदी मनात उतरलंय. तेव्हा ती मान न वळवता, अगदी हळू म्हणाली, “मावशी... ते प्रतीक नाहीये गं.”

वरच्या ड्रायव्हरकाकांचं दार लागलं, आमच्या इमारतीतलं ते रोजचं शेवटचं दार, आणि खारू भानावर आली. भूक लागली म्हणून ओरडत स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पुन्हा दारात. तिसऱ्या दिवशी पुन्हा. परीक्षा तोंडावर, पुस्तकाला हात नाही. तोंड उतरलं, हात बर्फासारखे. ताईनं मला फैलावर घेतलं. “तुझ्याकडे अभ्यासाला ठेवलीये की पुतळा करायला?” ताईला मी काय सांगणार? माझंच मला कळत नव्हतं.

मग एका संध्याकाळी मी हट्टाला पेटले. म्हटलं, पुरे झाले हे थेर. दंडाला धरून तिला आत ओढली, दार लावलं, कडी घातली. ती ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती माझ्याकडे बघून म्हणाली, “आता कुणीच बघत नाहीये, मावशी.”

आमच्या खालच्या मजल्यावर शिंपीकाका राहतात. दिवेलागणीला मशीनवर बसायचे ते गुणगुणत. सूर कसला, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, पण सगळ्या जिन्याला त्याची सवय. त्या संध्याकाळीही चाललं होतं त्यांचं. मी कडी लावून तिथंच टेकून उभी होते, आणि खालून गाणं येत होतं... आणि मग ओळीच्या मध्येच ते थांबलं. मशीन तेवढं चालू राहिलं. पायाखालची पट्टी हलत राहिली, खटखट, खटखट, मग हळूहळू तेही बंद झालं. पावलं वगैरे काही वाजली नाहीत. नुसतं जिन्यातलं ऐकू येणारं सगळं, पाण्याचं, भांड्यांचं, माणसांचं, एकेका पायरीनं कमी होत आमच्या दाराकडे आलं.

मी कडी काढली. अक्कल म्हणा, भीती म्हणा. खारू झरकन उंबऱ्यावर गेली आणि तिचे डोळे तळाकडे नाही, अगदी समोर, त्या अर्ध्या जिन्याच्या वळणावर थांबले. मला तिथं काही दिसलं नाही. दिवा लागलेला होता, भिंतीचे पोपडे दिसत होते. पण ती तिथून नजर काढेना. म्हणाली, “जवळ आला.”

काकू त्या रात्री माहेरी होत्या; शिंपीकाका सकाळी मशीनवर बसलेलेच सापडले. जिवंत. डोळे उघडे, टक्क. हाक मारली तर ओ नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका. काकू आजही त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतात, कारण त्यांचे डोळे मिटत नाहीत. कवितेतली ओळ आठवतेय ना तुम्हाला? मी त्या ओळीचं रसग्रहण लिहून दिलं होतं मुलांना. ‘डोळे न मिटता या शब्दांतून भेदकता व्यक्त होते.’ भेदकता! जळो ती भेदकता.

तेव्हा मला उमगलं. इतकी वर्षं आम्ही पहारेकऱ्याचं दुःख शिकवलं, त्याच्यावर सत्ता गाजवणारे शिकवले, पण तो पहारा कशावर देत होता, हे एकाही बाईनं, एकाही प्रश्नपत्रिकेनं विचारलं नाही. माणूस उगाच का उभा असेल हो असा?

खारूला आत घ्यायचं तर तिच्या जागी कुणीतरी हवं होतं. कवितेतच लिहिलेलं आहे ते. दुसऱ्या संध्याकाळी मी तिच्या मागे गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोरीचं खांद्याचं हाड नुसतं हाताला लागत होतं. म्हटलं, “तू जा, बाळा. मी आहे.”

आणि मला तो दिसला.

कसा ते विचारू नका. एवढंच सांगते, त्याला पाठ नाही. कुठूनही पाहिला तरी तो तुमच्याकडेच तोंड करून असतो.

खारू गिरकी घेऊन आत पळाली. तिला काही आठवत नाही. परीक्षा दिली, या कवितेवर प्रश्न आला होता, पैकीच्या पैकी गुण. आता लांब असते, तिला मुलगी आहे, तीही म्हणे घरभर धावते. फोनवर मला ओरडते, मावशी, संध्याकाळी फोन का उचलत नाहीस, कुठं उंडारतेस? म्हणते, हो गं, उंडारते. ती धावतेय ना, बस झालं मला. डोळ्यांत तेल घालून उभी राहिले, त्याचा पश्चात्ताप नाही एका क्षणाचाही.

पण आता घोडं अडलंय. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. साय धरल्यासारखं दिसतं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा, दोन दिवस पट्टी. दोन दिवस! खारूनं फोनवर सांगितलं, मी येते, मुलीला घेऊन येते. मी तिला झिडकारलंच. म्हटलं, खबरदार इकडे पाऊल टाकलंस तर. रडली पोरगी. या दारात तिला पुन्हा उभी करू? तिच्या त्या चिमुरडीला? त्यापेक्षा दोन्ही डोळे गेले तरी चालतील.

गेले काही दिवस तो समोर नसतो, बाई. तिरका असतो. माझ्या डाव्या बाजूला, सायीकडे. मी मान वळवली की थांबतो. हुशार आहे. आणि माझी मानही आता पूर्वीसारखी वळत नाही.

खरं सांगू? तुमचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पाप आलं. वाटलं, तरणीताठी आहे, डोळे चांगले आहेत, नोट्सच्या बदल्यात दोन संध्याकाळी मागून बघू. पण मघाशी तुम्ही तुमच्या मुलाचा फोटो दाखवलात, आणि माझी जीभ रेटेना. नाही मागत. तुम्ही फक्त वर्गात ही कविता करून घेऊ नका. वाचा, अर्थ सांगा, सोडून द्या. नाटक नको.

अहो...

अहो, नको. हात काढा तो खांद्यावरून. तुमचं मन मोठं आहे, कळलं मला, पण असं भरीला पडू नका. आणि किती गार पडलाय हात तुमचा! मी म्हटलं ना, मागत नाही म्हणून. जा, बसा जागेवर.

बसा म्हणते ना.

...ती खुर्ची कुरकुरली आत्ता. तुम्ही खुर्चीतच आहात?

मग तो पहारेकरी परत आला असेल. हो ना? एवढ्या वर्षांनी दया आली असेल बिचाऱ्याला, मला सोडवायला आला असेल. पण लोकरीचा वास येत नाहीये, बाई. कसलाच वास येत नाहीये. शिंपीकाकांकडची भांडी वाजत होती मघाशी, तीही...

मला मागे वळता येत नाही. तुम्ही बघा. दिवा उचला आणि माझ्या डाव्या खांद्याकडे बघून सांगा, हात कुणाचा आहे. कारण समोरचा जिना मला नीट दिसतोय, अगदी तळापर्यंत दिसतोय, आणि त्यावर कुणीच नाही.

बाई? अहो बाई, बोला ना काहीतरी.