एकोणिसावं अक्षर

मुहूर्ताला अर्धा तास उरला होता आणि नवरीच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं.

बोरगाव मेघेच्या त्या मंगल कार्यालयात बँड असा वाजत होता, की आतून इला दार बडवत होती ते कुणाच्या कानी जाईना. किल्ली तिच्या बापाच्या, हरिभाऊंच्या मुठीत. समोर त्यांची थोरली बहीण सुमती. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली खमकी बाई.

"हरी, पोरीले कोंडलं काऊन?"

हरिभाऊंनी सकाळी दारात सापडलेली चिठ्ठी दाखवली. 'नवरदेव धीरजचं एक लग्न झालेलं आहे. थांबवा.' खाली नाव नाही.

"इलानंच लिहिली, अक्का. महिनाभर नाई-नाई करून राह्यली होती. आता पळाली तर पाचशे माणसांत नाक कापलं जाईन."

"अन् खरं असन तर?"

"पुरावा दे मंग."

अर्ध्या तासात पुरावा काय झाडाला लागतो? सुमतीच्या हातात होता फक्त वाटलेला मंगलाष्टकांचा कागद. बाईंची खोड जुनी. कागद दिसला की वाचणारच. एका ओळीवर जीभ अडखळली.

'आली मांडवि लाजुनी नववधू सौभाग्यदा इला.'

तिने बोटांवर मोजलं. परत मोजलं. मग धीरजच्या आईला, अल्लीपूरच्या यशोदाबाईंना, बोलावून घेतलं.

"विहीणबाई, कविता कोणाची?"

"माहीच." यशोदाबाई खुलल्या.

"केव्हा केली?"

"गेल्या महिन्यात. तुमच्या इलासाठीच."

"बाकीच्या ओळी चोख. हीच लंगडी कशी?"

"गाताना बसते बरोबर."

"गाऊन पाहू." सुमतीने चाल धरली. "सौभाग्यदा अस्मिता..."

यशोदाबाई हसल्या.

"सौभाग्यदा वंदना..."

"हे काय चाललं?"

"सौभाग्यदा प्रेरणा..."

यशोदाबाईंच्या हातातलं अक्षतांचं ताट कलंडलं. "तिचं नाव तुम्हाले कोणं सांगतलं?"

बँड वाजतच होता. हरिभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्हीच," सुमती म्हणाली. "मंगलाष्टकाची ओळ एकोणीस अक्षरांची. ही अठराच भरते. इलासाठी रचली असती तर 'सौभाग्यदा ती इला' म्हटलं असतं. बाकी ओळी इतक्या नेटक्या बांधणाऱ्या बाईले एक 'ती' सुचली नसती? म्हणजे ओळ जुनी. तिथं तीन अक्षरांचं नाव होतं, पहिलं गुरू, मधलं लघू, शेवटचं गुरू. तुम्ही ते खोडून इला लिहिलं. कोणतं नाव ते मले ठाऊक नव्हतं. बसतीन तशी नावं गाऊन पाह्यली, अन् तुमच्याकडे पाहत राह्यली."

यशोदाबाई सांडलेल्या अक्षता गोळा करायला खाली वाकल्या.

"तीन वर्षं झाली. प्रेरणा माहेरी निघून गेली. सोडचिठ्ठी देत नाई. पोराचा संसार व्हावा म्हणून लपवलं, बाई."

"अन् जुनीच ओळ काऊन?"

"आठ दिवस खपली होती त्या ओळीवर. टाकवली नाई."

सुमतीला क्षणभर यशोदाबाईंची कीवच आली. पण दार अजून बंद होतं.

"हरी, कुलूप काढ."

हरिभाऊंनी किल्ली कुलपात फिरवली. दार उघडलं. इला शालू नेसून जमिनीवर बसली होती, बडवून बडवून तळवे लाल झालेले. अर्ध्या बांगड्या फुटल्या होत्या.

"बाबा, चिठ्ठी माही नाई."

"नाई बेटा," हरिभाऊ तिच्यापुढे खाली बसले, "पण तूच लिहिली असती, तरी म्या नीट वाचाले पाह्यजे होती."