निळं टोपण, लाल टिक

“काका, एवढ्या वर असताना शू लागली तर काय करता हो?”

विचारला भिंगरीने, पण प्रश्न तिचा नव्हता. कुंपणाला चिकटून उभ्या असलेल्या तिच्या चार मैत्रिणींचा होता. “तुझ्यात हिंमतच नाही,” त्या म्हणाल्या आणि तेवढं पुरलं. दहावीत गेल्यापासून भिंगरीला कुणी “हिंमत नाही” म्हटलं की काडी पेटलीच समजायची.

कुंपणापलीकडे शाळेचं नवं सभागृह उभं राहत होतं. बूमलिफ्टने आपला लांब हात दुमडून टोकाचा पाळणा नुकताच जमिनीवर टेकवला होता. पाळणा म्हणजे कमरेएवढ्या कठड्याचा लोखंडी पिंजरा. त्यात उभं राहून माणूस वरची कामं करतो. या पाळण्यातल्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत.

उस्ताद आधी खो खो हसला. मग वर्गात उत्तर द्यावं तसा ताठ उभा राहिला.

“पहिलं म्हणजे या पेडलवरचा पाय काढायचा.” त्याने बूट उचलून दाखवला. “पाय निघाला की हे धूड मेलं. मग कुठलाही दांडा ओढा, ढिम्म हलत नाही. दुसरं, तुमच्या शाळेकडे पाठ करायची. तिसरं, ही.” त्याने कोपऱ्यातली निळ्या टोपणाची बाटली दाखवली. “आणि टोपण मुठीत घट्ट धरायचं. एकदा निसटलं, ते नेमकं मुकादमाच्या डोक्यावर!”

मैत्रिणी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. भिंगरी लालबुंद झाली, पण पैज जिंकली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला उस्ताद त्याच पाळण्यात मेला.

मावशीचं ऑफिस म्हणजे लाँड्रीच्या वरची एक खोली. खालून इस्त्रीची वाफ यायची. मावशी खाजगी तपासनीस होती आणि भिंगरी शाळा सुटल्यावर तिची मदतनीस. निदान भिंगरी तसं म्हणे. मावशी म्हणे, “मदतनीस कसली, पंखा आहे माझा. काम शून्य, घरघर फार.”

उस्तादची बायको खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती.

“ते म्हणतात चूक त्याचीच. डोक्यावर तुळई आहे हे पाहिलं नाही, पाळणा वर घेतला आणि स्वतःलाच चिरडून घेतलं. तसा अहवाल झालाय. सेफ्टीसाहेबांची सही आहे.”

भिंगरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सेफ्टीसाहेब म्हणजे तिचे बाबा. साइटवरच्या सुरक्षिततेचे अधिकारी.

“ते माझे मेहुणे आहेत,” मावशी म्हणाली. “तुम्ही दुसऱ्या कुणाकडे जा.”

“माहीत आहे. म्हणूनच आले. दुसरा कुणी ‘उस्ताद चुकला नाही’ म्हणाला तर लोक म्हणतील, पढवलेलं आहे. तुम्ही म्हणालात तर गप्प बसतील.” तिने नाक पुसलं. “आमची धाकटी विचारते, बाबांना काम येत नव्हतं का? काय सांगू तिला? घरात स्टुलावर चढतानासुद्धा आधी स्टूल हलवून बघायचा हो तो.”

तिने पदराच्या गाठीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. बाटलीचं निळं टोपण.

“हे मुठीत होतं. बोटं उघडावी लागली. कशाचं आहे, देव जाणे.”

भिंगरीने तोंड उघडलं आणि मिटलं. मेलेल्या माणसाच्या बायकोसमोर ‘शू’ हा शब्द कसा काढायचा? तिने मान खाली घातली. पुढे फार वेळ तिने ती खालीच ठेवली.

पंचनाम्यानंतर कुणी हात लावू नये म्हणून बूमलिफ्ट ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. मावशीने मुकादमाला वकिलाचं पत्र दाखवलं, ताडपत्री वर केली आणि वाकून पाळण्यात पाहिलं.

“घरघर नको. काय दिसतं ते सांग.”

“रंग,” भिंगरी म्हणाली. पांढऱ्या रंगाचा डबा कलंडून पाळण्याच्या तळावर थर वाळला होता. “सगळीकडे रंग. फक्त मागच्या कोपऱ्यात दोन बूट उमटलेत. तिथे रंग नाही.”

“बोटं कुठे वळलेली?”

“बाहेर. शाळेच्या उलट्या बाजूला.”

“आणि पेडल?”

“पांढरंशुभ्र. केकसारखं.”

“हं.” मावशीने केकबद्दल काही म्हटलं नाही. ती खाली, यंत्राच्या बुंध्याशी असलेल्या पेटीकडे वळली. तिथे एक खटका होता. एका बाजूला ‘पाळणा’ लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला ‘जमीन’. खटका पाळण्याकडे असला की यंत्र वरचा माणूस चालवतो. जमिनीकडे वळवला की खालचा. शेजारी दोन बटणं, ‘वर’ आणि ‘खाली’. खटका ‘जमीन’कडे होता. ‘खाली’च्या बटणावर काळ्या ग्रीसचा अंगठा ठसठशीत उमटला होता. ‘वर’चं बटण स्वच्छ. खटकाही स्वच्छ.

“ही पेटी कुणाकुणाला वापरता येते?”

“मला, फिटरला आणि सेफ्टीसाहेबांना,” मागून मुकादम म्हणाला. “पण मी त्या वेळी गच्चीवर होतो. काँक्रीट ओतत होतो. वीस माणसं साक्षीला आहेत. वरून ओरडत होतो, अरे कुणीतरी उतरवा त्याला! त्याचे पाय हलत होते ना, ताई. चार मिनिटं हलत होते.”

त्याने हे पावसापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. बहुतेक फार वेळा सांगून झालं असावं.

फिटर दुसऱ्या यंत्राखालून सरकत बाहेर आला. हात कोपरापर्यंत काळे.

“त्या दिवशीही असाच होतो. आरडाओरडा ऐकून पळालो. ‘खाली’ दाबलं, पाळणा उतरला. पण तोवर...”

“खटका कुणी वळवला?”

“खटका?” फिटर थांबला. “मी नाही वळवला. घाईत सरळ बटण दाबलं. आता तुम्ही म्हणताय तर... तो वळलेलाच होता.”

“बरं झालं तुम्ही हात धूत नाही,” मावशी म्हणाली. फिटर हसला नाही.

साइटवरच्या ऑफिसच्या कंटेनरमध्ये बाबांनी दोघींना खुर्च्या दिल्या. भिंगरीचे केस विस्कटले.

“काय डिटेक्टिव्हबाई, गणिताचा गृहपाठ झाला?”

“झाला.”

“की नुसत्याच टिका केल्या? न तपासता टिक करायची नाही हं.”

हे त्यांचं ब्रीदवाक्यच होतं. रोज झोपण्यापूर्वी ते गॅसचा नॉब तीनदा फिरवून बघत आणि मगच भिंतीवरच्या कागदावर टिक करत. खिशातल्या लाल पेनने. आई म्हणे, “लग्नात मला पण टिक करून घेतलंय यांनी.”

“भावोजी, घटना घडली तेव्हा तुम्ही कुठे होता?” मावशीने विचारलं.

“इथेच. रोजचा तपासणीचा कागद भरत होतो.”

“बघू?”

कागद समोर आला. अकरा रकाने, अकरा टिका. पेडल, टायर, कठडा, पट्टा, वारा... दहा टिका टेबलाला दोरीने बांधलेल्या काळ्या पेनच्या. नववी तेवढी लाल. नवव्या रकान्यात छापलं होतं, ‘जमिनीवरच्या पेटीवरून वर-खाली चालवून पाहिले.’

“हे सगळं केव्हा तपासता?”

“सकाळी आठला. पाळणा रिकामा असताना. नियमच आहे.”

मावशीने कागदाचा फोटो काढला. परतताना भिंगरी म्हणाली, “फिटरच असणार गं. खोटं बोलतोय. चेहराच तसा आहे.”

“चेहरा तर तुझाही बघवत नाही आत्ता,” मावशी म्हणाली. “तुला कळतंय. फक्त तुला कळायला नकोय.”

त्या संध्याकाळी मावशी भिंगरीच्या घरी आली आणि पाणीही न घेता सोफ्यावर बसली. बाबा समोर होते. आई भाजी निवडत होती.

“ताई, बस तू पण. भावोजी, मी सांगते, चुकलं तर थांबवा.”

“बोला.”

“डबा कलंडला तो धक्क्याने. रंग पसरला तेव्हा उस्ताद उभ्यानेच अडकला होता. त्याच्या बुटांखाली रंग गेला नाही, म्हणून ठसे उरले. ते मागच्या कोपऱ्यात आहेत आणि पेडल सबंध पांढरं आहे. पाय पेडलवर नसेल तर पाळण्यातून यंत्र हलत नाही. म्हणजे ते खालून हललं. खटका ‘जमीन’कडे होता. फिटरचे हात ग्रीसने भरलेले. त्याने खटका वळवला असता, ‘वर’ दाबलं असतं, तर दोन्हीवर काळं लागलं असतं. मुकादम वीस माणसांत गच्चीवर. पेटी चालवता येणारा उरला एक.”

आईच्या हातातली शेंग मोडायची राहिली.

“सकाळी आठला तुम्ही दहा गोष्टी तपासल्या आणि दहा टिका केल्या. नववी राहिली. फोन आला असेल, कुणी हाक मारली असेल. अकराला कागदावर रिकामा रकाना दिसला. दुसरा माणूस बसल्या जागी टिक करून मोकळा झाला असता. पण तुम्ही न तपासता टिक करत नाही. म्हणून पेटीपाशी गेलात, खटका वळवला आणि ‘वर’ दाबलं. वर न बघता.”

बाबांनी चष्मा काढून पुसला.

“दोन सेकंद. तुळई हातभर वर होती. मग किंचाळी ऐकू आली. बोटापासून दोन इंचांवर ‘खाली’चं बटण होतं, भावोजी. ते दाबायचं सोडून तुम्ही ऑफिसात पळालात. तो चार मिनिटं पाय हलवत होता आणि तुम्ही खिशातलं लाल पेन काढून टिक करत होता. ‘वर-खाली चालवून पाहिले.’ खाली तर केलंच नव्हतं. तुमच्या उभ्या आयुष्यातली एकच खोटी टिक.”

बाबा बोलले. आवाज अगदी शांत, गॅस तपासताना असतो तसा.

“काळं पेन संपलं होतं. खटका कुणीही वळवला असेल, तिथे दहाजण जमले होते. आणि ठसे फक्त शेवट सांगतात. आधी पेडल दाबून पाळणा वर घेतला, चेपल्यावर मागे फेकला गेला, मग रंग सांडला. झालं. काम चालू असताना माणूस कामाकडे पाठ करून, पेडल सोडून उभा का राहील? सांगा.”

मावशीने फोन काढून कागदाचा फोटो पुन्हा पाहिला.

“नाही ना सांगता येत?” आई एकदम उसळली. “मग माझ्या घरात बसून माझ्या नवऱ्याला खुनी ठरवतेस? मेलेला माणूस गेला. त्याला आता कुणी बरोबर म्हटलं काय आणि चूक म्हटलं काय, दुखणार आहे का?”

“त्याच्या मुलीला दुखतंय,” मावशी म्हणाली आणि पर्स उचलली. पर्सच्या उघड्या कप्प्यातलं निळं टोपण टपकन फरशीवर पडलं. गोल फिरत फिरत भिंगरीच्या पायाशी थांबलं.

ते उचलून मावशीच्या हातात दिलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. रात्री बाबांनी गॅस तपासला असता, उद्या गणिताचं विचारलं असतं. उस्तादच्या धाकटीने जन्मभर मानलं असतं की बाबांना काम येत नव्हतं.

भिंगरीने टोपण उचललं आणि मुठीत घट्ट धरलं.

“तो शू करायला उभा होता,” ती म्हणाली.

“काय?” आई.

“मी विचारलं होतं त्याला. मैत्रिणींनी पैज लावली होती. तो म्हणाला, आधी पेडलवरचा पाय काढायचा, मग शाळेकडे पाठ करायची, मग टोपण मुठीत धरायचं. पाय काढला की यंत्र मेलं, असं म्हणाला. त्याने काढला होता, बाबा. त्याने सगळं बरोबर केलं होतं.”

“भिंगरी,” बाबा म्हणाले. फक्त एवढंच. मग हळूच, “पोरींच्या चेष्टेला कोण विचारतं? हे तुला कुणी विचारलेलं नाही. नको सांगूस. मी तुरुंगात गेलेलं चालेल तुला?”

“नाही.” तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. “एकदा विचारू? ‘खाली’ का नाही दाबलंत?”

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. काढला. पुन्हा चढवला.

आईने तिचा दंड धरला. “एक शब्द बाहेर काढलास ना, तर या घरात...”

“आई, हात सोड.” भिंगरीने टोपण दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि चेन ओढली. “उद्या मी शाळेत जाणार नाही. चौघी मैत्रिणींना घेऊन सकाळी पोलिसांकडे जाणार आहे, जबाब द्यायला. त्याआधी उस्तादच्या घरी जाईन. त्याच्या धाकटीला सांगायचंय, तुझ्या बाबांना काम येत होतं.”

ती बाबांकडे वळली.

“न तपासता टिक करायची नाही, तुम्हीच शिकवलंत. मी तपासलंय.”