नवरदेवाची गाडी नुसतं ‘टिक’ म्हणते

अकरा वाजून पाच मिनिटांनी दिगूमामानं किल्ली फिरवली आणि गाडी म्हणाली, ‘टिक’. बस्स, एवढंच. मामा फेटा-मुंडावळ्या बांधून आत बसलेला, मुहूर्त बारा एकतीसचा, मंडप पाऊण तास लांब, आणि गाडी नुसती टिक.

आता तुम्ही म्हणाल, २०५८ साली किल्लीनं कोण गाडी सुरू करतं? पण मामाचा हट्टच होता. वऱ्हाड खुशाल आपोआप चालणाऱ्या गाड्यांतून जाऊ दे, मी आजोबांच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीतूनच जाणार. वऱ्हाड केव्हाच गेलं. मागे उरले तिघं: मामा, त्याचे काका तात्या आणि मामाची भाची, दहा वर्षांची स्वरदा.

“पेट्रोल संपलंय,” तात्या म्हणाले. काटा बघितला तर टाकी भरलेली.

“मग बॅटरी मेली,” तात्या म्हणाले. पण दिवे लागत होते, आणि हॉर्न तर असा वाजला की शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

“मग दृष्ट लागली,” तात्यांनी निकाल दिला आणि मीठ-मोहऱ्या आणायला आत गेले.

स्वरदा पळत सुटली ती ग्रामपंचायतीच्या पंपूला घेऊनच आली. पंपू म्हणजे शेतातले पाण्याचे पंप दुरुस्त करणारा यंत्रमानव. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला.

“मला गाडीतलं कळत नाही,” पंपूनं आधीच सांगून टाकलं. “पंपातलं कळतं.”

“अरे बाबा, मला मांडवात जायचंय, विहिरीवर नाही.”

“वीज पाण्यासारखी वाहते असं धरू. दिवे लावा आणि किल्ली फिरवा.”

टिक. आणि दिवे विझले. किल्ली सोडली, दिवे परत आले.

पंपूच्या बोटांतून दोन तारा निघाल्या. त्या त्यानं बॅटरीच्या दोन खुंट्यांना टेकवल्या. “व्होल्टेज (विजेला मागून ढकलणारा दाब) बारा पूर्णांक सहा. म्हणजे टाकी भरलेली आहे. पाणी वाटेत अडतंय.”

“मग दिवे कसे लागतात?” स्वरदानं विचारलं.

“दिव्यांना वीज लागते थोडीशी. इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या मोटरला लागते धो धो. पाइपात कचरा अडकला तरी नळ ठिबकतो, पण शेत भिजत नाही. त्या अडकण्याला म्हणायचं रोध (वाहत्या विजेला होणारा अडथळा).”

“कचरा कुठं अडकलाय ते कसं कळणार?”

“सांध्यासांध्यावर माप घ्यायचं, तेही किल्ली फिरवलेली असताना. सांधा स्वच्छ असेल तर तिथं दाब खर्च होत नाही. आकडा येतो जवळजवळ शून्य.”

इतक्यात मामाचा फोन वाजला. नवरी मृदुला होती. “गुरुजी विचारतायत, नवरदेव निघाले का? नाहीतर मीच हार घेऊन तिकडे येऊ?”

“निघतोच आहे,” मामा म्हणाला आणि किल्ली फिरवली. टिक.

मोटरच्या तारेपाशी आकडा आला शून्य. बॅटरीच्या धन खुंटीपाशी शून्य. मग पंपूनं एक तार ऋण खुंटीला लावली, दुसरी त्या खुंटीवर बसवलेल्या, तारेच्या टोकाच्या कडीला. दोन्हींत मिलिमीटरभरही अंतर नव्हतं.

“अकरा,” पंपू म्हणाला. “जवळजवळ सगळा दाब इथंच संपतोय.”

सगळे वाकून बघायला लागले. कडीच्या फटीत काहीतरी केशरी केशरी दिसत होतं, आणि ते काय आहे हे स्वरदानं लगेच ओळखलं.

झालं होतं असं. सकाळी नवरदेव मारुतीला जाऊन आला, तेव्हा तेलात कालवलेला शेंदूर वाटीत थोडा उरला. तात्या सहज म्हणाले, जिथं शक्ती तिथं शेंदूर. स्वरदानं डोकं चालवलं की गाडीची शक्ती बॅटरीत. आणि देवाला शेंदूर लावायचा तर चहूबाजूंनी, म्हणून तिनं पाना घेऊन कडी सैल केली, खुंटीवर जाड थर दिला आणि कडी परत घट्ट बसवली. कुणालाच माहीत नव्हतं. गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

“मामा,” ती म्हणाली, “तो शेंदूर मी लावलाय.”

मीठ-मोहऱ्या घेऊन परतलेल्या तात्यांनी बॅटरीला हात जोडले.

“तेलातून वीज जात नाही,” पंपू म्हणाला. “फार मन लावून लावलाय. सगळीकडे सारखा थर आहे.”

“अगं, बॅटरीऐवजी मलाच लावायचा ना,” म्हणत मामानं शेरवानीच्या बाह्या सरसावल्या, कडी काढली, रुमालानं तेल पुसलं आणि सँडपेपरनं खुंटी घासघासून चकचकीत केली. स्वरदानं पाना धरला. कडी बसली, किल्ली फिरली, आणि गाडी अशी गुरगुरली की म्हैस पुन्हा उठली.

“उतरली दृष्ट,” तात्या मीठ-मोहऱ्या टाकत म्हणाले.

वाटेत पुन्हा टिक झालं तर काय करायचं, म्हणून पंपूलाही बरोबर घेतलं. मागच्या सीटवर तात्यांच्या धोतराला त्याचा चिखल लागला तो लागलाच.

बारा सत्तावीसला मामा धावत बोहल्यावर चढला. अंतरपाट धरला गेला, गुरुजींनी माइक तोंडापाशी नेला, आणि स्पीकर खर्र करून बंद पडला. लगेच कुणी म्हणालं यंत्र जळलं, कुणी म्हणालं माइकच बदला. तोवर स्वरदा स्पीकरच्या यंत्राच्या टेबलाखाली शिरली होती. “थांबा, काही बदलू नका. पंपू, आधी सांध्यांवर माप घे.”

अंतरपाटावरून नवरीचं डोकं वर आलं आणि टेबलाकडे वळलं.

“मृदुला, मुहूर्त,” मामा कळवळून म्हणाला.

“अजून चार मिनिटं आहेत,” नवरी म्हणाली. “स्वरदा, किती आला गं आकडा?”