समासातली शेरेबाजी

"भैया, वो सुरमई मेरी थी!"

दुबईच्या करामा भागातल्या त्या टीचभर हॉटेलात मी वेटरवर ओरडले. पण सुरमईची शेवटची तुकडी समोरच्या टेबलावरच्या उंच माणसापुढे पोचली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि स्वतःशी पुटपुटला, "बाई आहे की फटाक्यांची माळ!"

"मराठी कळतं मला," मी म्हटलं.

बिचारा कानांपर्यंत लाल झाला. मग गुपचूप तुकडीचे दोन भाग करून माझ्या टेबलावर आला.

"अर्धी चालेल?"

"काट्याची बाजू तुम्ही घ्या."

"म्हणजे चालेल!" तो हसला… आणि मी उगाचच पाण्याचा ग्लास उचलला.

यहया मुकादम. मूळ दापोलीकडचा, राहायला अबुधाबीत. मी हिबा परकार, रत्नागिरीची, शारजात अल मजाजला खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहते. एवढीच ओळख झाली. फोन नंबर मागायचं त्याला सुचलं नाही आणि देणं मला शोभलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सोमवारी ऑफिसात, एचआरमधल्या माझ्या केबिनचं दार वाजलं. दारात तोच.

"तुम्ही?"

"तुम्ही?… मी लीगलचा. अबुधाबी ऑफिसातून."

झालं काय, आमची कंपनी अमेरिकन. तिचं हेड ऑफिस आहे त्या राज्यात नवा कायदा आला होता. डायव्हर्सिटी-इक्विटी-इन्क्लुजन, म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या माणसांना सामावून घ्यायचं धोरण. त्यापायी कुणाला नोकरी दिली आणि दुसरा डावलला गेला, तर त्या दुसऱ्याने थेट कंपनीवर दावा ठोकायचा, भरपाई मागायची. दुबईला तो लागू पडतो की नाही, अल्ला जाणे! पण हेड ऑफिसला शिंक आली की आम्ही आधी रुमाल काढायचा. गेल्याच वर्षी याच लोकांनी याच धोरणासाठी मला केक कापायला लावला होता, बरं का.

"दोन वर्षांतले मुलाखतीचे सगळे फॉर्म बघायचेत," यहया म्हणाला. "कुणाला का निवडलं, ते."

मला एक वाईट खोड आहे. मुलाखत चालू असताना मी फॉर्मच्या समासात मराठीत शेरे लिहिते. आमचे मॅनेजर लेबनानचे, बाकी कुणी केरळचं, कुणी मनिलाचं. वाचणार कोण? म्हणून मनात येईल ते लिहीत सुटले होते. आता हा वाचणार, आणि वर इंग्रजीत भाषांतर करणार!

"'बोलतो फार, काम इन्शाल्ला,'" त्याने पहिलाच शेरा मोठ्याने वाचला. "हे वकिली इंग्रजीत कसं लिहू?"

"लिहूच नका!"

"'याच्या टायला माझा सक्त विरोध.' हिबा… माझ्या टायबद्दल काय मत आहे?"

"समासात लिहीन."

बुधवारपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. तो हसताना फॉर्म तोंडासमोर धरायचा, फक्त डोळे दिसायचे. त्या डोळ्यांपायी माझ्या हातून एका माणसाचा पगार दोनदा मंजूर होता होता राहिला.

मग आम्ही निवडलेल्या ममताचा फॉर्म आला. यहयाचं हसू मावळलं. समासात ठसठशीत लिहिलं होतं, 'आता तरी एक बाई घ्या रे!' त्याच्या वरच्या दोन ओळी मलाच लागेनात. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

बाई म्हणून घेतली, हे माझ्याच हाताने लिहिलेलं! दावेदाराला आणखी काय हवं? नोकरी गेली की व्हिसा खलास, आणि मी रत्नागिरीला. तिथे अम्मीने माझ्यासाठी मोबाइलचा दुकानवाला हेरून ठेवलाय.

"यहया… तू नुसतं 'उमेदवार चांगली आहे' असं लिही ना. एवढंसं!"

"नाही."

"माझ्यासाठी?"

"खाली माझी सही असणार, हिबा. जे आहे तेच लिहीन."

"मग बस त्या सहीला कुरवाळत!" मी ताडकन उठले.

चार दिवस अबोला. खोटं कशाला बोलू, मला नोकरीपेक्षा त्याचं हसणं बंद झालं याचंच जास्त रडू येत होतं.

सोमवारी संध्याकाळी व्हिडिओ मीटिंग. पडद्यावर हेड ऑफिसच्या वकीलबाई सकाळची कॉफी घेऊन बसल्या होत्या. यहया उभा राहिला.

"भाषांतर वाचण्याआधी एक जाहीर करायचंय," तो कोर्टातल्यासारख्या इंग्रजीत म्हणाला. "हे शेरे लिहिणाऱ्या मिस परकार यांच्यावर माझं प्रेम आहे. म्हणून मी तटस्थ नाही. नोंद व्हावी."

मॅनेजरांचं पेन खाली पडलं. या अल्ला, माणूस आहे की नोटीस!

"कधीपासून?" वकीलबाईंनी लिहून घेत विचारलं.

"कालच्या आधीच्या रविवारपासून. दुपारी दीड."

मग त्याने वाचलं. माझ्या कोंबडीच्या पायांवर तो चार रात्री भिंग घेऊन बसला होता म्हणे. "'परीक्षेत सव्वीस जणांत ही पहिली. तरी साहेब म्हणतात, पुरुषच बरा. आता तरी एक बाई घ्या रे!'"

मॅनेजर छताकडे बघायला लागले. वकीलबाई मात्र खुलल्या. "म्हणजे निवड गुणांवरच झाली. छान! प्रेम एकतर्फी असेल तर हेच भाषांतर चालेल, फाइल आजच बंद. दोन्हीकडून असेल तर लोक संगनमत म्हणतील, बाहेरचा अनुवादक शोधावा लागेल. महिना जाईल, तोवर मिस परकार घरी बसतील. आणि त्याने काही वेगळं वाचलं तर… मी नोकरीची हमी देऊ शकत नाही. काय मिस परकार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही म्हण," यहया मराठीत कुजबुजला. "नोकरी वाचव. माझं मग बघू."

"काय म्हणाले ते?" वकीलबाईंनी विचारलं.

"खोटं बोल म्हणतायत," मी सांगून टाकलं. "हे! स्वतः एक शब्द बदलायला तयार नव्हते, मॅडम."

महिनाभर घरी, मग कदाचित रत्नागिरी, सगळं समोर दिसत होतं… पण जीभ माझीच, ती कधी कुणाचं ऐकते?

"बाहेरचा अनुवादक शोधा, मॅडम," मी म्हटलं. "दोन्हीकडून आहे."