हंगामातलं पहिलं कालव

ओहोटीच्या चिखलात मांडीपर्यंत रुतलेला तो माणूस मला लांबून बगळाच वाटला. हातात लांब नळी, डोक्यावर टोपी, आणि "वाचवा" म्हणायची मात्र लाज!

मी तराफा जवळ नेला. "पाय ओढू नकोस. आडवा हो, पोटावर."

"शर्ट पांढरा आहे..."

"मग उभाच राहा. भरती येईलच धुवायला."

तो निमूट आडवा झाला. चिखलाने माखून तराफ्यावर आला, तरी नळी काही सोडली नव्हती. नाव वेई-त्सेन. तैनान शहरातल्या प्रयोगशाळेतून, आम्ही कालवं वाढवून विकतो त्या खाऱ्या तळ्याचा गाळ तपासायला आला होता. पलीकडच्या काठावरचा रसायनांचा कारखाना माझ्या जन्माआधीच बंद पडलेला. त्याने सोडलेलं काही तळाशी उरलंय का, ते त्याला बघायचं होतं.

"हा वरचा थर तुझ्या वयाचा," नळीतला गाळ दाखवत तो म्हणाला. "मऊ आहे."

"आणि खालचा काळा?"

"तुझ्या बाबांच्या तरुणपणीचा. तो... जरा रागीट दिसतोय."

मला हसू आवरेना. तो अख्खा वसंत मीच त्याला तराफ्यावरून फिरवलं. पाऊस भुरभुरायचा, छत्री एकच, आणि तीही साहेब धरायचे नळ्यांवर! तरी त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला, की मी वल्हं मुद्दाम हळू मारायचे.

बाबांच्या नजरेतून हे सुटलं नाही. आमच्या घरी हंगामातलं पहिलं मोठं कालव ज्याच्यापुढे धरतात, तो घरचा जावई. बाबांनी एका दुपारी त्याला जेवायला बोलावलं, सुरीने शिंपला उघडला आणि त्याच्यापुढे धरला.

"खा, पोरा."

वेई-त्सेन पांढराफटक पडला. "नको, काका."

बाबांचा हात तसाच पुढे. काहीतरी करायचं म्हणून मी माझ्या वाटीतलं कालव उचललं — तर ते त्याने माझ्या हातातून हिसकावलंच.

"तूही नको!"

"वेड लागलं का तुला?"

"आज सकाळी निकाल आले. त्या काळ्या थरात पारा आहे. तुमच्या कालवांतही. जाहीर होईपर्यंत बोलायची बंदी आहे मला... पण तू खाताना नाही बघवत. प्रेम आहे माझं तुझ्यावर."

असं कुणी सांगतं का! एका दमात घरचा धंदा बुडाला आणि मला हवं ते मिळालं. मी रडत होते, नेमकी कशासाठी ते मलाच कळेना.

बाबा धक्क्यावर जाऊन बसले. समोर आजोबांनी उभे केलेले बांबूचे मांडव, त्यांवर लगडलेली कालवं. वेई-त्सेनही गेला नाही. बाबांपासून चार हात लांब, भर उन्हात बसून राहिला.

उन्हं कलली तेव्हा बाबा उठले आणि स्वयंपाकघरातून एक उकडलेलं रताळं घेऊन आले.

"गावाला मी आजच सांगतो, कालवं खाऊ नका, विकू नका. खाऊन माझं पोट बिघडलं म्हणेन. तुझी नोकरी नको जायला."

मग रताळं मोडून अर्धं त्याच्यापुढे धरलं.

"हे तरी खाशील ना, जावईबापू?"

वेई-त्सेनने ते सालासकट खाल्लं.