कापलेला एक इंच

ही घटना खरी आहे. मी ती रचली असती, तर तिच्यात स्वतःला इतके हीन दाखवले नसते.

गेल्या महिन्यातला शनिवार. दुपारचे तीन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेले फोटोचे दुकान.

मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, घरातला एकमेव जुना फोटो मोठा करून घ्यायला गेलो होतो. त्यात आई, वडील, दादा आणि मी. एके काळी आमची बहीण अक्काही होती. तिने सर्वांच्या मनाविरुद्ध लग्न केले, त्याच दिवशी दादाने तिला कात्रीने फोटोतून वेगळे केले आणि तो तुकडा जाळून टाकला.

अक्का गतवर्षी गेली. तिचे दुसरे चित्र जगात कुठेही नाही.

फोटोवाल्याने फोटो स्कॅन केला. चित्र संगणकावर उघडले आणि…

सर्वांचे चेहरे दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे. अरुंद.

"ही काय थट्टा आहे?" दादा कडाडला. "आईचं तोंड काकडीसारखं झालंय!"

"होतं असं, काका," फोटोवाला हसला. "आडवं आणि उभं रिझोल्यूशन वेगळं पडलं, की माणसं चेपतात."

त्याने तपासले. दोन्ही तीनशे. पिक्सेलही चौरस.

त्याचे हसू मावळले.

मग त्याने कॅमेऱ्याच्या लेन्सचे गोल झाकण स्कॅनरच्या काचेवर फोटोच्या खालच्या कडेशेजारी ठेवले आणि पुन्हा स्कॅन केला. चित्रात झाकण अंडाकृती आले.

"हे गोल होईपर्यंत रुंदी वाढवतो. माणसं आपोआप ताळ्यावर येतील."

झाकण गोल झाले. आई आईसारखी दिसू लागली.

त्याने पट्टी घेऊन कागद मोजला. रुंदी पाच इंच.

चित्रातला फोटो मात्र… सहा इंच.

उजव्या कडेला एक इंच अधिकची भिंत होती. भिंतीला टेकलेला एक खांदा… त्यावर एक वेणी.

"अक्का…" माझ्या तोंडून निघाले.

दादाच्या कपाळाची शीर तटतटली. "कापा ते."

"दादा, तिचं एवढंच उरलंय!"

"तू मध्ये पडू नकोस. तेव्हा कुठे तोंड उघडलं होतंस? कापा हो!"

फोटोवाल्याने माउसने ती कडा निवडली आणि काढून टाकली. टेबलावर कापायचे दुसरे काहीच नव्हते.

तरीही…

कच्… कच्…

कात्रीचा आवाज. दादाच्या आणि माझ्या मधोमध.

फाइल पुन्हा उघडली. माणसे पुन्हा चेपलेली. रुंदी वाढवली… खांदा परत आला. आता हनुवटीही होती.

"पुन्हा कापा!"

कच्…

तिसऱ्यांदा उघडली, तेव्हा अक्का संपूर्ण होती. बाकीचे सारे कॅमेऱ्याकडे पाहत होते. ती दादाकडे.

तिची ती नजर मी ओळखतो. अक्का रागावली की ओरडत नसे.

दादा पायऱ्या उतरून गेला.

फोटोवाल्याने फाइल पेन ड्राइव्हमध्ये घालून माझ्या हातात कोंबली. "तुमचं भांडण तुमच्या घरी न्या, काका. मला इथे रोज एकट्याला बसायचंय."

ती फाइल मी पुसलेली नाही. तिचे एकुलते एक चित्र कोणत्या हाताने पुसू? परंतु ज्या ज्या वेळी उघडतो, त्या त्या वेळी अक्काची जागा वाढलेली असते. ती अगदी प्रमाणात. आम्हीच अरुंद होत जातो. आता रुंदी वाढवूनही उपयोग होत नाही.

काल उघडली.

दादा घरात धडधाकट आहे. चित्रात मात्र त्याच्या जागी केसाएवढी उभी रेघ उरली आहे.

आणि अक्का आता दादाकडे पाहत नाही…

कात्री दादाची होती, हे खरे. पण कागद वाकडा कापला जाऊ नये, म्हणून दुसरे टोक ताणून मी धरले होते.