चळतीतला ओला टॉवेल

"याला टॉवेल म्हणायचं की तळघर?" सुनेने कपाटातून काढून दिलेला टॉवेल हातात धरून आबा नाक मुरडून पुटपुटले. "उद्या जावईबापू येणार, आणि त्यांच्या हातात हे द्यायचं?"

तिने टॉवेल परत घेऊन हुंगला. पाहुण्यांसाठी राखलेले पांढरे टॉवेल. कडक उन्हात वाळवून तिनेच कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेले. मग हा कुबट वास कुठून?

तिने सगळी चळत खाली काढली. मधल्या एका टॉवेलला हात लागला आणि ती थबकली. ओला. चांगला ओला. घडीही वेगळी. बाकीचे चौपदरी, हा तिहेरी.

कोणीतरी अंग पुसून टॉवेल परत कपाटात कोंबत होतं. वास सगळ्या चळतीला लागलेला, म्हणजे एकदा नाही. रोजच.

सगळे टॉवेल तिने सोडा घालून गरम पाण्यात भिजवले. सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चार दिवसांसाठी म्हणून नुसती पर्स घेऊन आलेली नणंद दोन महिने सुनेचेच कपडे घालून इथे होती. उद्या नवरा तिला न्यायला येणार होता. फोन आला, दिवस ठरला, झालं. तुला जायचंय का, असं कोणी तिला विचारलं नव्हतं.

आधी स्वतःच्या नवऱ्याची उलटतपासणी.

"वरच्या कप्प्यातले टॉवेल तू घेतोस?"

"मी? अगं, मी आत ओलाचिंब उभा राहून 'टॉवेल दे' म्हणून ओरडतो. लग्न झाल्यापासून हाच कार्यक्रम आहे."

खरं होतं. साक्षीदार ती स्वतःच.

"आबा, तुम्ही?"

"हा खांदा वर जातोय कुठे? साखरेचा डबासुद्धा तूच काढून देतेस."

नणंद गॅलरीत वाळलेले कपडे घडी करत होती.

"तुझा टॉवेल दे गं, धुवायला टाकते."

"माझा ना... बॅगेत भरला, वहिनी. उद्या निघायचंच आहे."

बोलता बोलता तिने चादर दुमडली. तीन पदरांत.

सून दोरीकडे बघत राहिली. आबांचा, नवऱ्याचा, तिचा. टॉवेल तीनच. दोन महिने धुतले तेही तीनच. धुणारी ती, आणि तिलाच दिसलं नाही!

जेवताना ती म्हणाली, "टॉवेलवाला चोर सापडला."

"कोण?" नवऱ्याने हसत विचारलं.

"आबांचा हात पोचत नाही. तू स्वतःहून टॉवेल घेत नाहीस. उरलो आम्ही दोघी, आणि माझी घडी चौपदरी." ती नणंदेकडे वळली. "टॉवेल बॅगेत भरला म्हणालीस. कुठली बॅग? तू नुसती पर्स घेऊन आलीस. आपण सगळ्यांनीच पाहिलं. राहायला येणारं माणूस निदान चार कपडे तरी आणतं."

"जाऊ दे ना आता," नवरा ताटात बघत म्हणाला. "एका टॉवेलचं काय एवढं!"

"ओला टॉवेल कपाटात का, तेवढंच कळत नव्हतं. दोरीवर चौथा टॉवेल दिसला असता, तर कोणीतरी विचारलं असतं, कधी निघतेस म्हणून. हो ना?"

आबा उठायला लागले. "पुरे झालं. उद्या तिचा नवरा..."

"बसा, आबा."

नणंदेने हातातला घास ताटात ठेवला.

"वास येईल हे डोक्यातच आलं नाही गं, वहिनी." मग ती वडिलांकडे वळली. "आबा, त्यांना कळवा, येऊ नका म्हणून. मी परत जाणार नाही."